जोर कुठल्या तुकड्यावर

ठमीच्या बाबांना शाळेतली मुलं ठोकेमास्तर म्हणत. कुणाला ठोकत म्हणून नव्हे. छडी त्यांनी जन्मात हातात धरली नाही. पण इंग्रजीचा तास सुरू झाला की डस्टर टेबलावर वाजायला लागे. लांबलचक शब्द फळ्यावर लिहायचा, उभ्या रेघा मारून त्याचे तुकडे पाडायचे आणि ज्या तुकड्यावर आवाज उचलायचा, त्याच्या डोक्यावर एक बारीक तिरकी रेघ. मग डस्टर. हलका, हलका, जोरात, हलका. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई भिंतीवर थाप मारून ओरडायच्या, "अहो सर, आमची बेरीज चुकतेय!"

"लांब शब्दाला भ्यायचं नाही," बाबा सांगायचे. "लांब शब्द म्हणजे एकत्र कुटुंब. बाहेरून बघितलं की छाती दडपते. आधी एकेकाला वेगळं उभं करायचं आणि मग बघायचं, या घरात चालतं कुणाचं. ज्याचं चालतं, त्याच्यावर जोर."

"आणि आपल्या घरात कुणाचं चालतं, बाबा?"

बाबा नुसती भुवई स्वयंपाकघराकडे उडवायचे. आतून लगेच आवाज यायचा, "ऐकतेय हो मी!"

ते काही गप्पिष्ट बाप नव्हते. मांडीवर घेणं, गोष्ट सांगणं, ताप आला तर उशाशी बसणं, हे त्यांना कधी जमलं नाही, अवघडून जायचे. पण दुसऱ्यांचे बाबा खाऊची पुडी आणतात तसा ते रोज जेवताना ठमीपुढे एक शब्द ठेवायचे. ठमीने उष्ट्या हाताने ताटाच्या कडेवर ठोके द्यायचे. 'फोटोग्राफ' म्हटलं की जोर पहिल्या तुकड्यावर. त्याचाच 'फोटोग्राफी' केला की जोर एक घर पुढे सरकतो. 'फोटोग्राफिक' म्हणताच आणखी एक घर पुढे. सात वर्षांच्या ठमीला ती जादूच वाटायची. बरोबर आलं की बाबा "हं" म्हणायचे. त्या एका "हं"साठी ती दिवसभर शब्द घोळवत हिंडायची. आई भाजी वाढता वाढता म्हणायची, "जेवा आता, नाहीतर त्या शब्दांनीच पोट भरा दोघं."

ठमी मोठी झाली, लग्न होऊन बसचे चार थांबे पलीकडे गेली, एका कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करू लागली. बाळ झालं. बाळ पालथं पडायला लागलं त्या आठवड्यात बाबा अंघोळ करून बाहेर आले, खुर्चीची पाठ धरायला गेले आणि खुर्चीसकट खाली आले.

उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला आणि वाचा गेली. समोरच्याचं त्यांना बहुतेक सगळं कळत होतं. डोळे पूर्वीचेच होते, चष्म्यावरून बघणारे. पण तोंडातून एकच यायचं, "ते ते ते." उन्हाचा पडदा ओढायचा असला तरी "ते ते", पायाला मुंग्या येत असल्या तरी "ते ते". आई सगळ्या घरात बोट दाखवत सुटायची. "हे का? हे? पंखा? औषध? अहो, मग काय ते?" शेवटी दोघंही दमून गप्प व्हायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वाचाकेंद्राची चिठ्ठी दिली. केंद्र म्हणजे एक लांब खोली, भिंतीला आरसा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टेबलावर कडा मऊ पडलेल्या चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा. तिथली थेरपिस्ट ठमीपेक्षाही लहान होती, केसांना पेन्सिल खोचलेली. तिने पहिल्याच दिवशी आडपडदा न ठेवता सांगितलं, "ताई, आमच्याकडे जागा मोजक्या आणि रांग मोठी. तीन महिने शिकवू, मग मोठे डॉक्टर तपासतील. आजोबांना स्वतःहून काही मागता आलं, पाणी म्हणा, दुखतंय म्हणा, तर पुढे वर्षभर त्यांची जागा पक्की. नाही तर दुसऱ्याला द्यावी लागते. सुरुवातीचे महिनेच फार मोलाचे असतात. गेले की परत येत नाहीत."

'आजोबा' म्हटल्यावर बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, की ठमीला भर त्या खोलीत हसू आलं.

पहिले काही दिवस नुसती झटापट. थेरपिस्ट ग्लासचं चित्र पुढे करायची, "आजोबा, हे काय? पा… पा…" आणि बाबा मान फिरवायचे. एकदा तर त्यांनी डाव्या हाताने पत्ता असा ढकलला, की तो आरशाखाली जाऊन पडला. चाळीस वर्षं ज्यांनी इतरांचे उच्चार सुधारले, त्यांना कुणीतरी "पा" म्हणायला लावत होतं. ठमीचा जीव चोळामोळा होत होता. नजर कुठे ठेवावी म्हणून तिने भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. केंद्राचं इंग्रजी नाव लिहिलं होतं, त्यातला मोठा शब्द होता 'रिहॅबिलिटेशन'. लहानपणीच्या सवयीने तिचं बोट टेबलाच्या कडेवर चालू लागलं. हलका, हलका, हलका, हलका, जोरात, हलका.

बाबांची मान वळली. त्यांनी पाटीकडे बघितलं, ठमीच्या बोटाकडे बघितलं. मग डावा हात उचलून टेबलावर ठेवला आणि जड जिभेने, पण एकही तुकडा न गाळता म्हणाले, "री-अ-बि-लि-टे-शन." आणि 'टे'वर हात असा आदळला, की पत्त्यांचा गठ्ठा घसरला.

ठमी तिथेच रडायला लागली. थेरपिस्टच्याही डोळ्यांत पाणी आलं. "होतं असं कधीकधी," ती म्हणाली. "चालीवर, ठेक्यावर वाचा येते. ठोका छानच आहे, ताई. पण आता या ठोक्यावर कामाचे शब्द चढवा. 'पाणी हवं', 'इथे दुखतं', 'नको'. रोज. लांब शब्द वाट उघडायला पुरेत. तिथेच रमू नका."

"हो हो," ठमी म्हणाली. ती तेव्हाच मनात दुसरा शब्द शोधत होती.

त्या दिवसापासून ठमी दुपारी माहेरी यायची. सकाळची पाळी संपली की घरी जाऊन बाळाला उचलायचं, खांद्यावर टाकायचं आणि बस धरायची. बाळाला पाजलं, आईच्या हवाली केलं की मधला तेवढा वेळ तिचा आणि बाबांचा. बाबा दाढी करून खिडकीशी तयार बसलेले असायचे. दाढी आईच करायची. पण ठमी यायच्या वेळेला आरसा मात्र ते स्वतः मागून घेऊ लागले होते. म्हणजे, आरशाकडे बोट करून "ते ते" म्हणायचे.

ठमीने दोन-तीनदा कामाचे शब्द काढून पाहिले. "बाबा, आज 'पाणी हवं' म्हणू या? पा-णी-ह-वं." टेबलावर ठोका दिला. बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते ओशाळले होते. आपली मुलगी आपल्याला पाणी म्हणायला शिकवतेय आणि तिकडे आतल्या खोलीत हिचं बाळ "पा पा" करतंय, हे त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी नजर खिडकीबाहेर नेली आणि ठोका देणारा हात मांडीवर काढून घेतला.

"बरं राहिलं. 'युनिव्हर्सिटी'?" ठमी पटकन म्हणाली.

हात परत टेबलावर आला.

असं करता करता शब्द साठत गेले. 'ऑपॉर्च्युनिटी', 'रिस्पॉन्सिबिलिटी', 'एक्झॅमिनेशन'. ठमी कागदावर शब्द लिहायची, बाबा डाव्या हातातली पेन्सिल थरथरत टेकवून रेघा पाडायचे, मग जोराची तिरकी रेघ. ती रेघ कधीही चुकली नाही. शेजारचे निवृत्त पोस्टमन काका मुद्दाम ऐकायला आले आणि म्हणाले, "काय बोलतात हो! आम्हाला तर धडधाकट असून जमलं नाही." ठमीने फोनवर चित्रण करून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. बाबांचं तोंड उजवीकडे जरा ओढलेलं, पण चेहरा असा उजळलेला, की बघत राहावं.

तिच्या नवऱ्याने ते बघितलं, कौतुक केलं आणि मग सहज विचारलं, "पण पाणीबिणी मागतात का गं?"

"तुला ना, कशाचं कौतुकच नाही," ठमी म्हणाली आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

आईनेही एकदा दारात उभं राहून विचारलं होतं. बाळ कडेवर, पदर बाळाच्या मुठीत. "ठमे, एवढं बोलायला लागलेत, तर त्यांना 'पुरे' म्हणायला शिकव की. जेवताना मी वाढत सुटते, ते मान हलवतात, ती होकाराची की नकाराची तेच कळत नाही."

"शिकवीन गं आई. आधी जीभ तर सैल होऊ दे."

"बरं बाई," आई म्हणाली आणि बाळाला घेऊन आत गेली.

मग तो पायमोज्याचा दिवस आला. हवा गार होती म्हणून आईने सकाळी बाबांना लोकरीचे मोजे घातले. दुपारी ठमी आली. बापलेकीचं मोठ्या उत्साहात चाललं होतं. बाबा मध्येच थांबायचे, पायाकडे बघायचे, "ते ते" म्हणायचे. ठमीला वाटलं, दमले असतील. "एकच शेवटचा, बाबा," असं म्हणत तिने आणखी चार घेतले. बाबांनी तेही म्हटले, बिनचूक. संध्याकाळी ठमी निघायच्या आधी आईने मोजा काढला तेव्हा आत लोकरीची घडी पडून अंगठ्याशी भलामोठा फोड आला होता आणि फुटला होता. मोजा कातडीला चिकटून आला. बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

 कोमट पाण्यात कापसाचा बोळा भिजवत आईने एवढंच म्हटलं, "दिवसभर बसले असतील तसेच."

ठमी त्या रात्री ठरवूनच झोपली, की उद्यापासून एक लांब शब्द नाही. नुसतं 'दुखतंय' आणि 'नको'. रागावले तरी चालेल. पण दुसऱ्या दिवशी ती जिन्यावरून वर आली तर दार उघडंच होतं. बाबा खिडकीशी बसले होते, पायाला पट्टी, समोर कोरा कागद, आणि डाव्या हाताने त्यांनी पेन्सिल तिच्याकडे धरली होती. तिने शब्द लिहावा म्हणून. किती वेळ तशी धरून बसले होते कोण जाणे. ठमीने पेन्सिल घेतली. 'इमॅजिनेशन' असं लिहिलं. तिच्याने दुसरं काही लिहवलंच नाही.

तपासणीच्या दिवशी आईने बाबांना इस्त्रीचा सदरा घातला. "घाबरू नका हो," ती गुंडी लावत म्हणाली, जणू ते परीक्षा घ्यायला नाही, द्यायला चालले आहेत हे तिलाच नवल वाटत होतं. गुडघ्यांमुळे तिला केंद्राचे जिने चढवत नसत. ती बाळाला घेऊन घरी थांबली.

मोठे डॉक्टर पांढऱ्या मिशांचे, शांत होते. त्यांनी ठमीला थोडं लांब बसवलं आणि हात मांडीवर ठेवायला सांगितले. "मदत करायची नाही हं." मग बाबांच्या समोर, पण हाताला येणार नाही असा पाण्याचा ग्लास ठेवला. बाबांना तहान लागलेली होती. जिने चढून आले होते, ओठ सुकले होते. त्यांनी ग्लासकडे बघितलं, ठमीकडे बघितलं.

"बोला, सर. काय हवंय?"

'सर' ऐकून बाबा ताठ बसले. डावा हात टेबलावर ठेवला, जरा थांबून स्वतःच ठोके दिले आणि म्हणाले, "ऑ-पर-ट्यू-नि-टी."

डॉक्टर चकित झाले. "वा! फार सुंदर." थेरपिस्टने मात्र मान खाली घातली होती. डॉक्टर पुढे म्हणाले, "आता मला सांगा, या ग्लासातलं काय हवंय?"

"यु-नि-व्हर्-सि-टी."

"हं. सर, इकडे बघा. पाणी हवंय का? नको असेल तर नको म्हणा."

बाबांनी ग्लासकडे नीट बघितलं. कपाळावर शीर उठली. ओठ पुढे आले, 'प' वाटावा इतके आले. ठमीचे पंचप्राण त्या ओठांवर होते. मांडीवरची तिची बोटं आपोआप हलायला लागली तशी तिने ती मुठीत आवळून धरली. बाबांचा हात वर गेला.

"इ-मॅ-जि…" आणि हात खाली आला तो 'जि'वर.

चुकीच्या तुकड्यावर.

खोलीत ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. ठमीच्या आलं आणि बाबांच्या आलं. शब्द तिथेच अर्धा राहिला. ते आपल्या हाताकडे बघत राहिले, जसे वर्गात चुकणाऱ्या मुलाकडे न रागावता बघायचे, तसे. मग त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला, उजव्या मेलेल्या हाताच्या शेजारी. डॉक्टरांनी ग्लास उचलून स्वतः त्यांच्या ओठांना लावला. बाबा घटाघटा प्यायले. पाणी हनुवटीवरून इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडलं.

बाहेरच्या बाकावर थेरपिस्ट ठमीशेजारी येऊन बसली. "ताई, मेंदूत गाणं एकीकडे असतं आणि मागणं दुसरीकडे. ते गाणं म्हणत होते. त्याला मागण्यापर्यंत आणायचं राहून गेलं."

"मी राहू दिलं," ठमी म्हणाली.

थेरपिस्टने 'नाही' म्हटलं नाही. खोटं बोलणारी नव्हती ती.

"आता सुरू केलं तर?"

"करा ना. घरी करत राहा. कुणाला उशिराही येतं." असं म्हणताना तिची नजर समोरच्या बाकाकडे गेली. तिथे एक तरुण बाई बसली होती आणि तिच्या शेजारी तोंड एका बाजूला ओढलेला तिचा नवरा. त्यांच्या हातात केंद्राची चिठ्ठी होती.

परत येताना गाडीत बाबा काही बोलले नाहीत. "ते ते"सुद्धा नाही. घरी आल्यावर ठमीने खुर्ची खिडकीशी सरकवली, समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, आता फक्त आपल्यासाठी. पा-णी." त्यांनी ऐकलं, पण हात हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी न राहवून तिने 'फोटोग्राफी' म्हटलं, मुद्दाम चुकीच्या ठिकाणी जोर देऊन. शाळेत असं कुणी म्हटलं तर त्यांच्याने राहवायचं नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले. लांब शब्द गेले ते गेलेच आणि आखूड तर आलेच नव्हते.

कंपनीने ठमीची पाळी बदलली. सोमवारपासून तिला दुपारी यायला जमणार नव्हतं. आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी ती आईजवळ बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. बाबा पलीकडे खुर्चीत, डोळे अर्धे मिटलेले.

"आई, तू मला बोलत का नाहीस काही? बोल ना चार शब्द. रागव तरी."

"कशाबद्दल?"

"तुला माहितीये कशाबद्दल."

आईने दुपट्याची घडी मांडीवर दाबून सपाट केली. "तुमचं दोघांचं ते होतं, ठमे. लहानपणापासून. मी बघायची दारातून, बरं वाटायचं. तुला तुझे बाबा परत हवे होते, तर तुला ठाऊक होते तेच बाबा तू शोधणार." तिने पलीकडच्या खुर्चीकडे बघितलं. "माझ्याशी ते साधंच बोलायचे गं. काही मोठं नाही. ऊन आलं का. दार लावलंस का. एवढी कशाला भाजी. दिवसभरात असं दहा वेळा. मी वैतागायचे कधीकधी. म्हणायचे, एकदा सांगितलं ना लावलं म्हणून!" तिने दुसरं दुपटं उचललं. "मला ते साधं हवं होतं. तेवढं मिळालं असतं तर पुरलं असतं."

  ठमीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, तशी आई म्हणाली, "ऊठ, बाळ बघतंय. आणि उशीर होतोय तुला. बस चुकेल."

ठमीने बाळाला खांद्यावर घेतलं, पिशवी अडकवली. बाबांपाशी जाऊन वाकली, त्यांच्या गालाला गाल लावला. बाळाने त्यांचा चष्मा ओढला. बाबांनी तो ओढू दिला. "येते, बाबा. रविवारी येते," ती म्हणाली. त्यांचे डोळे तिच्या मागोमाग दारापर्यंत आले.

दार लोटून ती बाहेर आली. चपला घालता येत नव्हत्या. खांद्यावर बाळ, हातात पिशवी. भिंतीला टेकून ती उभी राहिली. आतून काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. आई कुणाची तरी वाट बघतेय अशी शांतता. मग आईचाच आवाज आला, हळू, बाबांसारखा जरा जाडा काढलेला.

"गेली का ठमी?"

आणि लगेच तिचाच, नेहमीचा. "गेली हो."

पुन्हा शांतता. पहिल्यापेक्षाही लांब. आई त्यांना वेळ देत होती. ठमी जिन्यावर श्वास धरून उभी राहिली. तिने बाळाच्या पाठीवर हात ठेवून त्यालाही गप्प केलं. आत्ता. आत्ता येईल. काहीही चालेल. "ते" म्हटलं तरी चालेल.

"दार लावलंस का गं?" आईच म्हणाली.

आतून पावलं जवळ आली. गुडघे दुखणाऱ्या माणसाची, एक टेकवून मग दुसरं. कडी सरकल्याचा आवाज झाला.

"लावलं."

खाली बस येऊन थांबली होती. ठमीने ती जाऊ दिली.